पत्ती, पाणी आणि पहाट

रमजान लागला की घराचं घड्याळ फिरतं. एरवी गाढ झोपेची असणारी पहाटेची वेळ स्वयंपाकघरात सर्वांत गजबजलेली होते. आणि दुपारी चारला, ज्या वेळी अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येक कचेरीत अन् दुकानात चहाचे ग्लास फिरत असतात, त्या वेळी रोजेदाराच्या घरातली शेगडी थंड असते. भूक सोसते, तहानही सोसते. पण पहिल्या तीन-चार रोज्यांत डोकं ठणकतं ते बहुतेक वेळा चहापायी. चहातलं कॅफिन ठरावीक वेळी मिळण्याची शरीराला सवय झालेली असते. ती वेळ चुकली की कपाळ जड होतं, चिडचिड होते. काही दिवसांत शरीर नव्या वेळापत्रकाला सरावतं आणि त्रास आपोआप थांबतो. जाणती माणसं म्हणूनच रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात, शेवटच्या आठवड्यापासून दिवसाचा एकेक कप कमी करत आणतात.

संध्याकाळी मगरिबची अजान होते. खजूर, पाणी, फळांच्या फोडी, भजी आणि नमाजनंतर दिवसाचा पहिला चहा. रात्री तरावीहची लांब नमाज आटोपून माणसं बाहेर पडतात, तेव्हा अमरावतीत इतवारा अन् नागपुरी गेटकडे, अकोल्यात ताजनापेठ अन् मोहम्मद अली रोडकडे चहाच्या भट्ट्या पेटलेल्याच असतात. त्या गर्दीत सगळेच रोजेदार नसतात. दुकान वाढवून घरी निघालेले, रात्रपाळीला चाललेले, मित्राला भेटायला आलेले, असे सगळेच तिथे एका बाकड्यावर बसतात.

एरवी दिवसाला सहा-सात कप सहज रिचवणाऱ्या माणसाच्या वाट्याला या महिन्यात दोन-तीनच कप येतात. दोनच प्यायचे तर ते चांगले का पिऊ नयेत? हा प्रश्न बहुधा घरातल्या तरुण मुलाला-मुलीला पडतो. मग एक दिवस बाजारातून पाव किलो पत्तीचा चहा घरात येतो. पुढे जे घडतं ते साधारण सगळ्या घरांत सारखंच असतं. मुलगी हौसेनं कप पुढे करते, अब्बा एक घोट घेतात आणि कप खाली ठेवतात. "यात चहा कुठाय, बेटा? हे तर नुसतं रंगीत पाणी आहे." शेजारच्या हिंदू घरात हेच वाक्य बाबा म्हणतात, फक्त जोडीला विचारतात, "हा चहा आहे की काढा?"

वडिलांचं खोटं नसतं आणि मुलीनं आणलेली पत्तीही वाईट नसते. चुकलेली असते ती रीत. मधे आहे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास, आणि तो समजला की पहिला कप गोड लागू लागतो, तोही साखरेशिवाय.

दाणा, भुकटी आणि पान

आपल्याकडे 'सुटा चहा' म्हणजे पुड्यातला नसलेला, दुकानदारानं पोत्यातून वा डब्यातून तोलून दिलेला चहा. पण तो बहुतेक वेळा दाणेदार असतो किंवा भुकटी असते. पत्तीचा चहा वेगळा. त्यात वाळलेलं, वळलेलं पान दिसतं. गरम पाणी पडलं की ते उलगडतं आणि पाच मिनिटांनी गाळणीत हिरवट-तपकिरी, ओलसर पानांचे तुकडे स्पष्ट ओळखू येतात.

गंमत अशी की दोन्ही चहा एकाच झाडाचे. मळ्यातून खुडलेली दोन पानं आणि एक कळी कारखान्यात येते. ती काही तास पसरून कोमेजू देतात, मग वळतात, मग दमट हवेत ठेवतात. पानाचा रस हवेशी मिळतो, हिरवा रंग तांबूस होतो, वास बदलतो. शेवटी गरम हवेनं वाळवतात. या जुन्या रीतीच्या चहाला व्यापारात 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. १९३०च्या सुमारास आसाममध्ये वेगळं यंत्र आलं. दातेरी रुळांमधून पान जातं, चिरडलं जातं, फाटतं आणि त्याचा गोल दाणा वळला जातो. क्रश, टिअर, कर्ल या तीन शब्दांची आद्याक्षरं म्हणजेच पुड्यावर छापलेलं 'सीटीसी'. हा दाणा दोन मिनिटांत रंग सोडतो, कडक होतो आणि दुधासमोर हार मानत नाही. भारतात बनणारा बहुतांश चहा आज याच जातीचा आहे. चाळणीतून सर्वांत शेवटी पडणारा बारीक माल म्हणजे 'डस्ट'. तो कचरा नसतो. 'डस्ट' हे चहाच्या आकाराचं नाव आहे. कण जितका बारीक, तितका पाण्याशी त्याचा संबंध जास्त आणि रंग तितका झटपट. टपरीवर डस्ट चालते ती यामुळेच.

म्हणजे अब्बांच्या जिभेला जो चहा ठाऊक आहे तो दाण्याचा, दूध-साखर-आल्यासह उकळलेला. तो वाईट नाही. तो त्या रीतीसाठीच बनलेला आहे. बिघडतं कुठे, तर मुलगी पत्ती आणते आणि ती दाण्यासारखीच दुधात टाकून दहा मिनिटं खदखदवते. मग पत्तीचा सुगंधही जातो आणि दाण्याचा कडकपणाही येत नाही.

उकळण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी नाही. १९०३ साली चहावर उपकर बसवून मळेवाल्यांनी प्रचाराची मोहीम उभारली. १९३०च्या दशकात देशातल्या रेल्वे स्टेशनांवर चहा करण्याची कृती सांगणाऱ्या पाट्या लागल्या. पाणी ताजं उकळा, माणशी एक चमचा पत्ती घाला, झाकून मुरू द्या, दूध-साखर नंतर, अशी ती कृती. लोकांनी पाट्या वाचल्या आणि आपल्या मनासारखा चहा केला. कमी पत्ती, जास्त दूध, आलं-वेलची आणि भरपूर उकळी. प्रचारकांना ते रुचलं नाही, पण खिशाला अन् जिभेला तेच परवडलं.

चहा, चाय आणि टी

जगभर या पेयाला मुळात दोनच नावं आहेत. चीनच्या बहुतेक भागांत त्याला 'चा' म्हणतात. तिथून खुष्कीच्या वाटेनं ते इराणात गेलं आणि 'चाय' झालं. फारसीतून उर्दू-हिंदीत आलं. आपला मराठी 'चहा' त्याच घराण्यातला. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या बोलीत त्याला 'ते' म्हणत. तिथून डच व्यापाऱ्यांनी ते जहाजानं युरोपात नेलं आणि त्याचं 'टी' झालं. अकोल्याच्या एकाच बाकड्यावर कुणी 'चाय' मागतो, कुणी 'चहा', कुणी 'टी'. तिघांच्या ग्लासात एकच गोष्ट येते.

किल्ल्यातली केटली

महाराष्ट्रात पत्तीच्या चहावर जिवापाड प्रेम करणाऱ्या एका माणसाची गोष्ट उर्दू वाचकांना चांगली ठाऊक आहे. मराठी वाचकांपर्यंत ती फारशी आलेली नाही. तो माणूस म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद.

ऑगस्ट १९४२मध्ये 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले. काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव अशा बारा जणांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. हा तोच किल्ला, जो १५९५-९६मध्ये चाँदबीबीनं अकबराच्या फौजेपासून राखला होता. तो वाचवताना जो तह झाला, त्यात आपलं वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं. आझाद इतिहासाचे जाणकार. त्यांना ही सगळी माहिती होती. तुरुंगाच्या अधीक्षकाला त्यांनी चाँदबीबीच्या काळातल्या किल्लेदाराचं नाव दिलं होतं, 'चीताखान'.

नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. आझादांनी आपले मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहिली. ती पाठवायची परवानगी नव्हती, तरी ते लिहीत राहिले. सुटकेनंतर, १९४६मध्ये, ती पत्रं 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापून आली. उर्दू गद्यातलं हे मानाचं पुस्तक. 'गुबार' म्हणजे धूळ आणि 'खातिर' म्हणजे मन. मनात साचलेली धूळ. आपण मराठीत 'खातीर' आणि 'खातरदारी' म्हणतो, तो शब्द हाच.

या पत्रांमध्ये पुन्हा पुन्हा पहाटेचे तीन-चार वाजतात. सगळा किल्ला झोपलेला असतो, आझाद उठतात आणि स्वतःच्या हातानं चहा करतात. ही त्यांची जन्मभराची सवय होती. रमजानमध्ये सेहरीला उठणाऱ्या कुठल्याही घराला ती वेळ ओळखीची वाटेल. त्यांचा चहा चिनी, चमेलीच्या वासाचा, 'व्हाइट जस्मिन' नावाचा. महायुद्धामुळे तो मिळणं कठीण झालं होतं. तो ते लहान पेल्यातून, सावकाश, एकेक घोट घेत. दूध अजिबात नाही. साखरेबद्दलही हट्ट असा की ती स्वच्छ, पारदर्शक असावी. चहात गढूळपणा येता कामा नये.

आणि मग ते तक्रारीवर येतात. त्यांची तक्रार मोठी मजेशीर आहे. चीनमध्ये लोक दीड हजार वर्षं चहा पीत आले, तिथे कुणाच्या स्वप्नातही दूध आलं नाही. मग हे दूध कुठून घुसलं? दोष ते इंग्रजांवर ठेवतात. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात चहाची लागवड सुरू झाली, पण ते पान त्यांना खऱ्या चहाची नक्कल वाटतं. लोक चहा पीत नाहीत, दूध-साखरेचं काहीतरी पक्वान्न पितात, असा त्यांचा सूर. जवाहरलालजींबद्दलही ते लिहितात, की ते बिनदुधाचा पितात हे खरं, पण बाजारातल्या नेहमीच्या पुड्यावरच समाधान मानतात. एवढे मोठमोठे सहकारी सोबत असूनही आपल्या चहाला किल्ल्यात जोडीदार नाही, हे त्यांना बोचत असे.

आसाम-दार्जिलिंगच्या चहाबद्दल आझादांशी आज वाद घालता येईल. आसामात चहाचं झाड मुळातच होतं. सिंगफो लोक ते वापरत आणि १८२३मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला त्यांच्याकडूनच ते कळलं. दार्जिलिंगचा चहा तर २००४मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणारं भारतातलं पहिलं उत्पादन ठरला. पण चहा सावकाश, एकाग्र मनानं प्यावा, हे त्यांचं म्हणणं आजही घेण्यासारखं आहे.

चमेलीचा चहा बनतो तो मोठ्या खुबीनं. संध्याकाळच्या मिटलेल्या कळ्या तयार पत्तीत मिसळून ठेवतात. रात्री कळ्या उमलतात, पत्ती वास ओढून घेते आणि सकाळी फुलं काढून टाकतात. आपल्याकडे चमेलीचं तेल करताना तीळ आणि फुलं थरावर थर ठेवतात, ती रीत हीच. रमजानच्या बाजारात अत्तराच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बापलेकीची शिकवणी

आता पुन्हा त्या घराकडे वळू या. अब्बांनी कप खाली ठेवला आहे, मुलगी हिरमुसली आहे. दोघंही या विद्येत नवशिके. अशा वेळी एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, असं करण्यात अर्थ नसतो. दोघांनी मिळून तीन-चार संध्याकाळ करून पाहायचं.

सामान घरात असतंच. झाकणाचं एक स्टीलचं भांडं, बारीक जाळीची गाळणी आणि घड्याळ. पाणी आधणासारखं खळखळलं की गॅस बंद. मग पत्ती घालायची आणि झाकण ठेवायचं. दीडशे मिलिलिटरच्या कपाला दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे लांब पत्ती असेल तर एक भरगच्च चमचा. काळ्या चहाला तीन ते पाच मिनिटं. बिर्याणीला 'दम' देतात तसा हा चहाचा दम. झाकण उघडून ढवळायचं नाही, पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. वेळ झाली की सगळा चहा गाळून घ्यायचा. पत्ती पाण्यात पडून राहिली की तुरटपणा वाढत जातो. हिरवी पत्ती असेल तर पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबायचं. ऐंशी अंशांच्या आसपासचं पाणी तिला मानवतं, खळखळतं पाणी तिला कडू करतं.

चहा चाखण्याचा धंदा करणाऱ्यांचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक ३१०३. शंभर मिलिलिटर उकळतं पाणी, दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. घरच्या कपासाठी हे प्रमाण फार कडक, पण त्यातून एक गोष्ट कळते: चहाची तुलना करायची तर माप आणि वेळ सारखी हवी. काल दोन मिनिटं, आज सात मिनिटं, असं केलं तर पत्तीची पारख होत नाही.

इतकं सगळं सांभाळूनही चहा काळपट, मंद आणि वरती साय धरल्यासारखा दिसला, तर दोष पत्तीचा नसण्याची शक्यता मोठी आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांमधून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं विहिरी-बोअरचं पाणी खारट आणि जड. अशा पाण्यातले क्षार चहातल्या तुरट द्रव्यांशी मिळतात आणि पृष्ठभागावर तवंग येतो, रंग काळवंडतो, सुगंध दबतो. दूध घातलेल्या कडक चहात हे लपून जातं, बिनदुधाच्या पत्तीत लपत नाही. अकोला शहराला काटेपूर्णेचं आणि अमरावतीला अप्पर वर्धेचं धरणाचं पाणी मिळतं. चहाला नळाचं पाणी वापरावं, बोअरचं नको. खारपाणपट्ट्यातल्या गावी पिण्यासाठी जे पाणी वेगळं भरून ठेवतात, तेच चहालाही घ्यावं. ही बाब कुठल्याही पुड्यावर छापलेली नसते. ती इथल्याच माणसांना कळू शकते, आणि घरात ती बहुधा वडीलधाऱ्यांच्या लक्षात आधी येते. "अगं, पाणी कोणतं घेतलंस?" हा प्रश्न अब्बांनी विचारला, की समजावं, ते आता खेळात उतरले.

त्याच पाण्याची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. लिंबाचे दोन थेंब टाकले की चहाचा रंग एकदम उजळतो. केरळात आणि हैदराबादेत 'सुलेमानी' म्हणून जो बिनदुधाचा चहा देतात, त्याचं सौंदर्य या लिंबात आहे. उलट काश्मिरात नमकीन गुलाबी चहासाठी हिरवी पत्ती मुद्दाम खायच्या सोड्याबरोबर उकळतात, खूप वेळ घुसळतात, मग दूध घालतात आणि तो गुलाबी होतो. जे आपल्या कपात बिघाड, तेच तिथे कसब.

वऱ्हाडात चहा पिकत नाही. चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, तेवढंच. पण आपल्याकडे वरूड-मोर्शीचा संत्रा आहे. संत्र्याची साल स्वच्छ धुऊन, आतला पांढरा भाग काढून, सावलीत वाळवून ठेवावी आणि पत्तीसोबत तिचा एक लहान तुकडा भांड्यात टाकावा. दुधाच्या चहाची सवय असलेल्या माणसाला या वासामुळे पहिले काही कप सोपे जातात.

साखरेचा हिशेब

अब्बांनी हे शिकावं, अशी मुलीची धडपड नुसती हौस नसते. चाळिशी-पन्नाशीनंतर अनेक घरांत डॉक्टरांनी साखरेबद्दल ताकीद दिलेली असते. माणूस मिठाई सोडतो, भात कमी करतो, पण चहाकडे त्याचं लक्ष जात नाही. कपाला दोन चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. दिवसाला सहा कप म्हणजे ४८ ते ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसानं दिवसभरात सगळी मिळून ५० ग्रॅमपेक्षा कमी साखर वरून घ्यावी, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. म्हणजे चहानंच दिवसाचा सगळा वाटा संपवलेला असतो.

बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या चहात उष्मांक नावापुरतेच. पण दाणेदार चहा साखरेशिवाय घशाखाली उतरत नाही, ही अडचण खरी आहे. पत्ती इथे उपयोगी पडते. नीट मुरलेल्या पत्तीत स्वतःचा हलका गोडवा असतो, दार्जिलिंगच्या मे-जूनच्या तोडीत द्राक्षासारखा वास असतो. आज दोन चमचे, पुढच्या आठवड्यात दीड, मग एक, असं उतरत जाता येतं. रमजानात कप मुळातच कमी असल्यामुळे ही उतरंड सोपी होते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. मधुमेह असलेल्यानं रोजे धरण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. चहा बदलला म्हणजे औषध बदललं असं होत नाही. आणि जेवणाबरोबर चहा नको. डाळी-भाज्यांमधलं लोह शरीरात शिरण्याला चहातली तुरट द्रव्यं अडथळा करतात. रक्त कमी असलेल्या बायकांनी आणि मुलींनी जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. सेहरीलाही चहावर भर न देता पाणी नीट प्यावं, विशेषतः अकोल्याचा पारा पंचेचाळिशीकडे धावतो त्या दिवसांत रमजान आला तर.

पत्ती महाग, ही तक्रारही अर्धीच खरी. समजा, ती बाराशे रुपये किलोनं मिळाली. कपाला अडीच ग्रॅम धरले तर तीन रुपये. चांगल्या पत्तीवर दुसरं पाणी घालता येतं, फक्त एक-दोन मिनिटं जास्त मुरू द्यावं लागतं. मग कप दीड रुपयावर येतो. दूध नाही, साखर नाही, गॅस कमी. पुडा मात्र उन्हापासून, ओलाव्यापासून आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवावा. पत्ती जशी चमेलीचा वास ओढते, तशीच हिंगाचाही.

सोबतीचा कप

आझादांच्या पत्रांतलं एक पत्र चहाचं नाही, पण चहाच्या पत्रांशेजारी ते वाचावं लागतं. एप्रिल १९४३मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजार वाढल्याच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर कळवतो, असं अधीक्षकानं सुचवलं. आझादांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. ते रोजचा दिनक्रम सांभाळत राहिले, सर्वांसोबत टेबलावर बसत राहिले, आतली घालमेल चेहऱ्यावर येऊ दिली नाही. नंतर त्यांनी लिहिलं ते निरोपाच्या त्या शेवटच्या दिवसाबद्दल, जेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या आणि फार काही बोलल्या नव्हत्या. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. इतके महिने ती नुसती दिसत होती, आता तिच्याबद्दल आपलेपणा वाटू लागला, असंही ते सांगतात.

आझाद एप्रिल १९४५पर्यंत त्या किल्ल्यात होते. १९४२, १९४३ आणि १९४४ असे तीन रमजान त्या भिंतींच्या आत गेले. जगातला उत्तम चहा समोर असूनही ज्याच्यासोबत तो प्यावा असं माणूस घरी, दूर होतं आणि मग तेही राहिलं नाही. हे ध्यानात घेतलं की 'माझ्या चहाला जोडीदार नाही' ही त्यांची थट्टेतली तक्रार वेगळी ऐकू येते.

चहाला जोडीदार मिळणं हे आपल्याकडे कधी काळी इतकं साधं नव्हतं. १८९०मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी तिथे होती. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली. एका कपावरून बहिष्कार घातला जाई, त्याला फार तर पाच-सहा पिढ्या झाल्या.

ईदच्या सकाळी वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांत शेजारीपाजारी येतात. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरतात. शेवया, दूध, खजूर, सुकामेवा, सगळंच गोड अन् भरपूर. तीन घरं झाली की पाहुणा चौथ्या घरी हात जोडतो. त्या वेळी बिनसाखरेच्या पत्तीच्या चहाचा लहानसा कप पुढे आला तर त्याला बरं वाटतं. आणि महिनाभर ज्यांनी 'रंगीत पाणी' म्हणून नाकं मुरडली, ते अब्बाच बहुधा केटली हातात घेतात. "देशमुख साहेब, घाई करू नका. अजून एक मिनिट मुरू द्या." मुलगी आतून दुसऱ्या पाण्याचं आधण ठेवते.